चौथी पट्टी

मैत्री ओव्हाळच्या तोंडात दारूचा एक थेंब जाऊ नये म्हणून रहाटणीतल्या त्या घरात सतरा माणसं डोळ्यांत तेल घालून बसली होती. गंमत अशी की मैत्री पीत नव्हती. आजवर कधीच प्यायली नव्हती. पण भावाचं, आयुषचं लग्न रविवारी आणि तिचं विमान सोमवारी दुपारी एकला, हे कळल्यावर घरच्यांनी कंबर कसली ती कसलीच.

मैत्री को-पायलट होती. खांद्यावर सोनेरी तीन पट्ट्या. विमानात चढायच्या आधी प्रत्येक पायलटला डॉक्टरांसमोर एका मशीनमध्ये फुंकावं लागतं आणि मशीननं शून्य दाखवावं लागतं. शून्य म्हणजे शून्य, पाव नाही की अर्धा नाही. खोकल्याचं औषध, गुळण्या करायचं ते निळं पाणी, होमिओपॅथीचे थेंब, यातलं काहीही नडू शकतं. हे तिनं एकदा जेवताना सहज सांगितलं होतं. सहज सांगायला नको होतं.

कारण तिचे वडील ज्ञानदेव ओव्हाळ हे चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं नोकरी केलेले गृहस्थ. प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं मशीन. रिटायर झाले तरी त्यांच्या अंगातली कंपनी गेली नव्हती. त्यांनी नियम केला, पिंकीनं तो लिहिला. पिंकी म्हणजे मैत्रीची नववीतली मावसबहीण. तिनं साड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, चार रंगांची स्केचपेनं झिजवली आणि स्वयंपाकघराच्या दारावर पाटी टांगली : ‘मैत्रीताईला काहीही खायला-प्यायला देण्याआधी बाबांना दाखवणे. हुकुमावरून.’

मग काय विचारता! आई, कस्तुराबाई, यांनी औषधाचा डबा कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली. वर्षालीच्या, म्हणजे नव्या नवरीच्या माहेरून केक आला तर ज्ञानदेवांनी आधी तो हुंगला, मग आयुषला हुंगायला लावला. मंडपामागं दोन-तीन पाहुणे ‘थंडा’ घेत उभे होते, त्यांच्याजवळून मैत्री गेली म्हणून एका आत्याबाईंनी तिला हात धरून ओढलं.

“वास लागंल गं, बाई!”

“आत्या, वासानं काही होत नाही.”

“तुला काय ठाऊक? मशीनला नाक असतंय.”

मैत्री हसली. त्या दोन दिवसांत ती पुष्कळ हसली, पुष्कळ नाचली आणि झोपली मात्र साडेतीन तास.

ते असं झालं. शुक्रवारपर्यंत सलग चार दिवस तिची पहाटेची उड्डाणं होती. शनिवार आणि रविवार सुट्टी. शनिवारी हळद. रविवारी सकाळी वंदना झाली, पंचशील झालं, लग्न लागलं, जेवणावळी झाल्या, वरात निघाली. डीजेवाल्याला ‘शेवटचं एक’ असं अकरा वेळा सांगून झालं. घरी आली तर तिच्या पलंगावर तीन पोरं, एक ट्रंक आणि लातूरच्या मावशी. मावशींना झोप येत नव्हती आणि घरात पायलट होती.

“मैत्री बाळा, झोपलीस का?”

“नाही मावशी.”

“मंग एक सांग. इमानाला आरसा असतोय का, मागचं बघायला?”

पहाटे पाच वाजता मावशींना वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर सोडायचं होतं. गाडी कुणाला नीट चालवता येते? मैत्रीला. परत आली तर दूधवाला आला होता, केटररवाला भांडी मोजत होता आणि आई म्हणत होती, “आता काय झोपतेस, आंघोळच करून घे.”

सोमवारचीही सुट्टी तिला मागता आली असती. मागितली नव्हती. कंपनीचा नियम असा होता की वर्षभरात दोनदा वैयक्तिक कारणानं ड्युटी चुकली तर कॅप्टनच्या ट्रेनिंगसाठी नाव पुढच्या बॅचला ढकललं जातं. फेब्रुवारीत तिला डेंगी झाला तेव्हा एकदा चुकली होती; आजारपणही वैयक्तिकच धरलं जायचं. यादी गुरुवारी लागणार होती. अशा वेळी उगाच सुट्टीचा अर्ज टाकून साहेबांच्या डोळ्यांवर यायचं कशाला? दुपारची तर फ्लाइट आहे, असं ती स्वतःला म्हणाली होती. चौथी पट्टी, म्हणजे कॅप्टनची, आता त्या यादीपुरतीच अडली होती. गल्लीतल्या शालनबाई तिला दिसेल तिथं विचारायच्या, “कवा लागायची गं चवथी?” आणि शालनबाई काही साध्यासुध्या नव्हत्या, अर्ध्या रहाटणीत एके काळी त्यांचा ऊस होता, आता त्यांच्या इमारती होत्या.

साडेनऊला मैत्री कॅबमध्ये बसली. नाशिक फाट्याला तिचा डोळा लागला तो विश्रांतवाडीला उघडला. मधलं दापोडी, खडकी कुठं गेलं, तिला पत्ता नाही.

लोहगावच्या विमानतळावर डॉक्टरांच्या खोलीत ती खुर्चीवर बसली. कॅमेरा चालू. नळी नवी. तिनं दीर्घ श्वास घेतला आणि फुंकलं. मशीननं जरा विचार केला आणि दाखवलं : शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य.

‘शून्य,’ तिनं घरच्या ग्रुपवर टाकलं. सतरा जणांचे अंगठे, बारा फुगे, पिंकीचे एकटीचे नऊ नाचणारे वाघ. ज्ञानदेवांनी लिहिलं, ‘अभिनंदन. मंगल हो.’

ब्रीफिंगच्या खोलीत कॅप्टन सयाजी तापकीर आधीच येऊन बसले होते. मूळचे थेरगावचे. हवाई दलातून आलेले, पंचावन्नच्या पुढचे. माइकवर त्यांचं इंग्रजी ऐकलं तर प्रवासी सरळ बसायचे, पण माइक बंद झाला की तोंडात गाव यायचं.

“काय मैत्रीबाई, झालं का भावाचं लगीन?”

“झालं सर.”

“नाचलीस?”

“थोडीशी.”

“डोळं सांगत्यात किती थोडीशी ते. चल, काय म्हनतंय जयपूर?”

मैत्रीनं कागद उचलला. जयपूरचा वारा वाचला. मग पुन्हा वाचला. मग तिच्या लक्षात आलं की आपण तीच ओळ तिसऱ्यांदा वाचतोय आणि वारा पूर्वेचा की पश्चिमेचा हे अजून आपल्याला माहीत नाही. तिनं कॉफीचा घोट घेतला. पुढचा कागद घेतला. विमानात भरायच्या तेलाचा, म्हणजे इंधनाचा आकडा.

“सहा हजार आठशे,” ती म्हणाली.

“सहा हजार आठशे,” कॅप्टन म्हणाले आणि लिहून घेतलं.

कागदावर आठ हजार सहाशे होतं.

हे तिला दिसलं ते केवळ कागद खाली ठेवताना बोट त्या आकड्यावर पडलं म्हणून. कॅप्टन पुढं गेले होते; दिल्लीकडच्या ढगांबद्दल काहीतरी बोलत होते. मैत्रीनं आकडा पाहिला, कॅप्टनांच्या वहीत पाहिलं, परत कागद पाहिला. पुढं कुठंतरी ही चूक पकडली गेलीच असती. तेल भरणारे असतात, गेज असतं, चेकलिस्ट असते. पकडली गेली असती. बहुतेक. पण सयाजी सरांनी कागद मागितला नव्हता. आकडा मैत्री ओव्हाळनं सांगितला होता, आणि चार वर्षांत तिचा आकडा चुकला नव्हता.

“सर, आठ हजार सहाशे. मी उलटं वाचलं.”

“बरं बरं.” त्यांनी खोडून लिहिलं. “हुतं असं.”

“सर, मी आज अनफिट आहे.”

कॅप्टनांनी पेन खाली ठेवलं. मग उठून त्यांनी दार लोटलं.

“टेस्ट झाली ना?”

“झाली. शून्य.”

“मग?”

“झोप नाही झाली. दोन दिवसांत साडेतीन तास.”

“गुरुवारी यादी हाय, ठाऊक हाय ना?”

“आहे सर.”

“पावनेदोन तासाचं उडान. मी हाय की शेजारी.”

“तुम्ही आहात म्हणूनच. तुम्ही मी सांगितलेलं लिहून घेतलंत.”

सयाजी सरांनी मिशीवरून हात फिरवला. रागावले नव्हते, हिशेब लागत नसलेल्या माणसासारखे बघत होते. मग त्यांनीच ड्युटी ऑफिसरला फोन लावला. राखीव को-पायलट विमाननगरला राहत होता, अर्ध्या तासात आला. विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. एवढंच झालं. एकशे चौसष्ट माणसांनी कंपनीला शिव्या घातल्या आणि जयपूरला पोचून ती विसरली.

निघताना सर म्हणाले, “फॉर्म भरायचा हाय, संध्याकाळी सहाच्या आत. दोन रकाने असत्यात. थकवा ड्युटीमुळं, नाहीतर वैयक्तिक. तू ड्युटीमुळं लिही. गेल्या आठवड्यात चार पहाटा केल्यास, कुनी विचारनार न्हाई. यादीला धक्का न्हाई, कायबी न्हाई.”

“पण सर, मला दोन दिवस सुट्टी होती.”

“मी सांगितलं ते सांगितलं,” ते म्हणाले आणि टोपी घेऊन निघून गेले.

आता, गणवेश घालून गेलेली पायलट पोरगी दुपारी सव्वादोनला गणवेश घालूनच परत आली, तर गल्लीनं काय समजावं? शालनबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांचा हात दोरीवरच थांबला.

“का गं? इमान न्हाई गेलं व्हय?”

“गेलं मावशी. मी नाही गेले.”

बस्स. एवढ्या सुतावर गल्लीनं स्वर्ग गाठला. मैत्री जिना चढून घरात येईपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती आणि पिंकी दारातच उभी होती, डोळे बशीएवढे.

“ताई! मशीन वाजलं?”

“नाही गं.”

“खरं सांग, मी कुणाला नाही सांगणार.”

“पिंके, आख्खं घर ऐकतंय.”

खरंच ऐकत होतं. दिवाणखान्यात उरलेले पाहुणे, हातात राहिलेली बुंदी. कस्तुराबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी चौकशी मुलीची नाही, मुलाची सुरू केली.

“आयुष, तो केक कुणी आणला होता?”

“आई, माझ्या सासरचा केक आहे तो!”

“मी नावं नाही ठेवत. कुणी आणला एवढंच विचारते.”

नवी नवरी वर्षाली एक दिवसाची सून. ती बिचारी पडद्याआड उभी राहून आपल्या माहेरची अब्रू केकबरोबर जाताना बघत होती.

“केक नाही, दारू नाही, काही नाही!” मैत्रीनं बॅगेतून मशीनची छापील चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “हे बघा. शून्य.”

चिठ्ठी हातोहात फिरली. आयुषनं ती उजेडात धरून पाहिली, नोट तपासावी तशी.

“मग परत का आलीस?” आईनं विचारलं.

“झोप झाली नव्हती. मीच सांगितलं त्यांना की मला जमणार नाही.”

सगळे एकदम हसले. सुटकेचं हसू, पोटातून आलेलं. एवढंच होय! आत्याबाई तर डोळे पुसायला लागल्या.

“अगं झोप काय, च्या प्यायचा, डोळ्यावर पाणी मारायचं! आमी काय झोपून धा-धा भाकऱ्या थापल्या?”

“ताई, तू झोपेसाठी विमान सोडलंस?” आयुष म्हणाला. “भारी आहेस राव. आम्ही आयटीवाले रोज झोपेत काम करतो.”

हसले नाहीत ते दोघंच. एक ज्ञानदेव. आणि दुसरे, खिडकीपाशी खुर्चीवर बसलेले धम्मरत्नकाका. काका म्हणजे ज्ञानदेवांचे कंपनीतले जुने जोडीदार, त्याच प्रेसवरचे. त्यांनी चहाचा कप डाव्या हातात धरला होता. ते नेहमी डाव्याच हातात धरायचे, कारण उजव्या हाताला तीनच बोटं होती. प्रेसचं पेडल अडकलं आणि बोटं गेली, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. या घरात कुठलंही कार्य असो, पहिलं ताट धम्मरत्नकाकांचं.

मैत्री आतल्या खोलीत गेली. पलंगावरची ट्रंक तशीच होती. ती तिच्या शेजारी बसली आणि फोनवर फॉर्म उघडला. नाव. तारीख. फ्लाइट. मग ते दोन रकाने. चार पहाटा तर खऱ्याच होत्या. खोटं असं त्यात काहीच नव्हतं. कंपनीनं तिला पळवलं होतं, हेही खरं. फक्त त्यानंतर शनिवार-रविवार कंपनीनं झोपायला दिले होते आणि ते तिनं नाचायला वापरले होते. तिचं बोट पहिल्या रकान्यावर जायचं, परत यायचं. पावणेतीन झाले. तीन झाले.

दारावर टकटक झाली. ज्ञानदेव आत आले, दार लावून घेतलं आणि ट्रंकेच्या पलीकडे बसले.

“काय भरतेस?”

तिनं सांगितलं. दोन्ही रकाने, यादी, सरांचा सल्ला, सगळं. ज्ञानदेवांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्या गेटवर वॉचमन तोंड हुंगायचा. पिऊन आलाय का बघायला.”

“माहितीये बाबा. शंभरदा सांगितलंत.”

“त्या दिवशीही हुंगलं होतं. पास झालो होतो मी.”

“कुठल्या दिवशी?”

“डबल शिफ्ट होती माझी, सलग दुसरी की तिसरी. कुणी बळजबरी नव्हती केली, मीच मागून घेतली होती. धम्मा पत्रा लावायचा, मी पेडल मारायचो. सकाळचे सात वाजले असतील, उजाडलेलं चक्क. त्याचा हात आत होता.” ते थांबले. “पेडल अडकलं नव्हतं, मैत्री. पेडल चांगलं होतं. मला डुलकी लागली.”

बाहेर कुणीतरी बुंदीवरून भांडत होतं. मैत्रीनं वडिलांकडे पाहिलं. ते ट्रंकेच्या कुलपाकडे बघत होते.

“चौकशीला साहेब आले. त्यांच्याही कागदावर असेच दोन रकाने. मशीनचा दोष, कामगाराचा दोष. मी मशीन लिहिलं. मशीन काय, बोलतंय थोडंच.”

“काकांना माहितीये?”

“बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही त्यानं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.” ज्ञानदेव उठले. “प्यायलेल्या माणसाला निदान कुणीतरी पकडतं. झोपलेल्याला कोण पकडणार? त्याचं त्यानंच सांगायचं असतं. तू सांगितलंस. मला नव्हतं जमलं. आता फॉर्ममध्ये काय लिहायचं ते तुझं तू बघ, मी बाप म्हणून काही सांगत नाही.”

आणि ते गेले. दार उघडंच राहिलं.

मैत्रीनं दुसरा रकाना दाबला. खाली कारणासाठी चार ओळींची जागा होती, तिनं एकच लिहिली : ‘भावाचं लग्न होतं; सुट्टी असूनही मी विश्रांती घेतली नाही; चूक माझी.’ तिनं फॉर्म पाठवला. बारा मिनिटांत उत्तर आलं. कंपनी इतर कशातही इतकी चपळ नव्हती. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते आणि खाली, वेगळ्या ओळीत, नाव पुढच्या बॅचसाठी विचारात घेतलं जाईल असं कळवलं होतं. पुढची बॅच म्हणजे पुढचं वर्ष.

तिला वाटलं होतं रडू येईल. जांभई आली. ट्रंक खाली उतरवायचंही त्राण नव्हतं. तिनं पट्ट्यांचा शर्ट काढून खुंटीला लावला आणि ट्रंकेला पाठ लावून ती आडवी झाली.

तासाभरानं पिंकी ताईला भजी द्यायला आली, तर ताई ढाराढूर. पिंकी दबक्या पावलांनी मागं फिरली. दिवाणखाना रिकामा होता; ज्ञानदेवांनी बाकी सगळ्यांना आयुषच्या आणि पाहुण्यांच्या गाड्यांतून देहूला पिटाळलं होतं. बाहेर गॅलरीत दोन खुर्च्यांवर बाबा आणि धम्मरत्नकाका बसले होते. बाबा बोलत होते, काका ऐकत होते. मधल्या स्टुलावर दोन कप, चहावर साय धरलेली. पिंकीला बघून बाबा थांबले, आणि ती गेल्यावरच पुन्हा बोलायला लागले असणार, कारण तिला पुढचं काही ऐकू आलं नाही.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि हुकमाची पाटी काढली. उलटी केली. स्केचपेनांपैकी एक तेवढं अजून उमटत होतं, जांभळं. मैत्रीताईच्या दारावर पाटी लागली :

‘पायलट झोपली आहे. शालनबाईंनीसुद्धा आवाज करू नये. हुकुमावरून.’